एकशे सतरा नंबरचं पाणमांजर

थोरलीच्या वर्गात बाईंनी विचारलं, वाघ कुठे राहतो? थोरलीनं हात वर करून सांगितलं, तळमजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला. बाईंना वाटलं, पोरीचं लक्ष नाही, म्हणून त्यांनी सोपा प्रश्न घातला, अस्वल काय खातं? काही नाही, त्याला वर्षातून दोनदा पावडर लावतात. हरणाचा शत्रू कोण, याला तिचं उत्तर होतं, 'ओल'. वर्ग हसला. थोरली हसली नाही, कारण तिच्या माहितीप्रमाणे तिन्ही उत्तरं बरोबर होती.

संध्याकाळी चिठ्ठी घरी आली. 'पाल्यास जिवंत निसर्ग दाखवावा.' थोरलीच्या बाबांनी, म्हणजे पेंढामास्तरांनी, ती तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा 'जिवंत' या शब्दाला ठेच लागून थांबले. इतर कुणाच्या घरी असा शब्द आला असता तर कुणी लक्ष दिलं नसतं. इथे तो थेट घरच्या कर्त्याच्या पोटापाण्यावरच बोट ठेवत होता.

पेंढामास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. मास्तर म्हणावं असं त्यांनी कुणाला काही शिकवलंही नव्हतं. शहराच्या संग्रहालयातल्या सस्तन प्राणी दालनात पेंढा भरलेले एकशे बेचाळीस प्राणी त्यांच्या ताब्यात होते. कुणाचा कान सुटला तर टाका घालायचा, कुणाचा डोळा पडला तर दुसरा बसवायचा, आणि रोज सकाळी रंगाऱ्याच्या मऊ ब्रशानं प्रत्येकाला नाकापासून शेपटीपर्यंत साफ करायचं. बावीस वर्षं हे चाललं होतं. दर वर्षी गणती व्हायची, आणि दर वर्षी एकशे बेचाळीसचे एकशे बेचाळीस भरायचे. माणसाला अभिमानाला काहीतरी लागतं. कुणाची बंगल्याची गच्ची असते, कुणाचा परदेशातला भाऊ असतो. मास्तरांचा हा आकडा होता.

बायको दवाखान्यात पाळीवर असायची, त्यामुळे शाळा सुटली की दोन्ही मुलं दालनात. अस्वलाच्या पायाशी बसून थोरलीनं बाराखडी गिरवली. धाकटा, आता चार वर्षांचा, चालायला शिकला तो रानडुकराचा सुळा धरून. मुलांना प्राणी ठाऊक होते ते पितळी पट्टीवरच्या नंबरानं. 'चव्वेचाळीसला शिंक येतेय' असं धाकटा म्हणाला की चव्वेचाळीस म्हणजे गवा, आणि शिंक म्हणजे नाकपुडीतून पेंढा बाहेर आलाय, हे घरात सगळ्यांना कळे.

बरं, चिठ्ठी एकटी आली असती तर मास्तरांनी ती गिळली असती. पण दुःखाला जोडीदार लागतो. त्याच आठवड्यात संग्रहालयाच्या संचालक मॅडमनी हुकूम काढला. लोकांना आता पेंढा नको, पडदे हवेत, दिवे हवेत, बोट लावलं की डरकाळी यायला हवी. सबब सस्तन प्राणी दालनाचं निर्लेखन करण्यात येत आहे. निर्लेखन म्हणजे काय, तर ज्या वस्तूला सरकार कंटाळलं तिचं नाव वहीतून कागदोपत्री खोडायचं. प्राणी टिकवायला जुन्या काळी कातड्याला आतून विष चोळलेलं, त्यामुळे ते कुणाला देताही येत नव्हते. सोमवारी शेवटची गणती, मंगळवारी नगरपालिकेची भट्टी.

मास्तरांनी हे बायकोला भाजी निवडता निवडता सांगितलं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला थोरली गणितं सोडवत होती. तिनं मान वर न करता एकच विचारलं, "पिल्लांनापण?"

"नंबर आहे त्या सगळ्यांना," मास्तर म्हणाले, आणि पुढची शेंग चुकीच्या भांड्यात टाकली.

त्यावर ते म्हणाले, रविवारी नॅशनल पार्कला जाऊ या. बायको म्हणाली, अहो, सोमवारी गणती ना तुमची? ते म्हणाले, म्हणूनच. सोमवारनंतर मला कुठलाच प्राणी बघवणार नाही, जिवंतसुद्धा.

आता, बेत ठरवायला एक माणूस पुरतो, बिघडवायला शेजार लागतो. वरच्या मजल्यावर नकाशांच्या कचेरीतून रिटायर झालेले काका होते. त्यांनी आयुष्यभर रानं कागदावर काढली, रानात पाऊल टाकलं नाही, आणि त्यामुळे त्यांचं ज्ञान कुठल्याही अनुभवानं डागाळलेलं नव्हतं. त्यांनी सांगितलं, दोन दिवस आधीपासून साबण लावू नका, वास जातो. कपडे मातीच्या रंगाचे घाला. मुलांना केळी देऊ नका, माकडं ओळख ठेवतात. खालच्या मजल्यावरचा ड्रायव्हिंग स्कूलवाला मनानं मोठा. त्यानं गाडीच देऊ केली. फुकट मिळालेल्या वस्तूचे दात मोजू नयेत, पण या गाडीचे पाय मोजायला हवे होते. शिकवण्याची गाडी ती, तिला शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक होता.

फोनवर पार्कचा फॉर्म भरताना पहिल्यांदा मास्तरांचा अपमान झाला. त्यात व्यवसाय विचारला होता. त्यांनी लिहिलं, 'पेंढा'. फॉर्मनं घेतलं नाही. 'रखवालदार' लिहिलं, तर 'वन खात्याचे कर्मचारी असल्यास दुसरा फॉर्म भरा' असं आलं. शेवटी चिडून त्यांनी लिहिलं, 'सस्तन प्राणी विभाग, संग्रहालय', आणि फॉर्म लगेच पुढे सरकला. रविवारच्या सगळ्या फेऱ्या भरल्या होत्या. एकच शिल्लक होती, तिचं नाव 'निःशब्द फेरी'. मास्तरांना ते नाव फार आवडलं. नाव आवडलं की माणूस खालचा बारीक मजकूर वाचत नाही.

शनिवारी पाच वाजता दालन बंद करताना मास्तर कुलपाशी झटापट करत होते, तेव्हा थोरलीच्या दप्तरात काय होतं ते त्यांना माहीत नव्हतं. तुम्हाला मात्र आत्ताच सांगून ठेवतो. त्यात एकशे सतरा नंबर होता. एकशे सतरा म्हणजे पाणमांजराचं पिल्लू, हातभर लांब, उजवा पुढचा पाय उचललेला, जणू पाणी गार आहे का बघतंय. बापानं शंभरदा केलेलं तिनं पाहिलं होतं. शाळेच्या फूटपट्टीच्या टोकानं तिनं पोटाखालचे दोन स्क्रू सोडवले, पितळी पट्टीसकट लाकडी पाट जागेवर ठेवला, आणि पिल्लू स्वेटरमध्ये गुंडाळलं.

रविवारी सकाळी आभाळ उतरून रस्त्यावर आलं होतं. धुकं असं की गाडीचं नाक दिसेना. चौघंही मातीच्या रंगाच्या कपड्यांत, बिनसाबणाचे, हरलेल्या फौजेतून सुटून आल्यासारखे बसले होते. बायकोला धुक्यात जे जे दिसेल, आणि जे जे दिसणार नाही, त्या प्रत्येकासाठी ती पायाखालचा ब्रेक दाबत होती. मास्तर वेग देत, बायको काढून घेत. संसारात हे वीस वर्षं चालूच होतं, पण तिथे पुढच्या काचेवर डोकं आपटत नसे. दोन तासांचा रस्ता चार तासांत झाला.

फाटकावरच्या खिडकीतल्या बाईनं तिकिटं पाहिली, मग मुलं पाहिली. ही निःशब्द फेरी, ती म्हणाली, अभ्यासू लोकांसाठी असते. बोलायचं नाही, कुजबुजायचं नाही, शिंकायचं झालं तर रुमालात. मग तिनं धाकट्याकडे बोट केलं. "हा बोलतो का?"

"फारसा नाही," मास्तर म्हणाले. बावीस वर्षांच्या नोकरीत ते खोटं बोलले नव्हते. हे पहिलं खोटं अकरा मिनिटं टिकलं.

झडतीला एक लठ्ठ पहारेकरी होता. लाल रंगाला बंदी होती, आणि मातीच्या रंगाखाली धाकट्याचे मोजे लालभडक निघाले. पहारेकऱ्यानं ते काढून घेतले, त्याची पावती फाडली, पावतीवर 'मोजे, लहान, लाल, नग दोन' लिहिलं, सही घेतली, मग पावती चुकली म्हणून दुसरी फाडली. या गडबडीत थोरलीची पिशवी समोर आली. त्यानं आत हात घातला, केस लागले.

"काय आहे?"

"पिल्लू," थोरली म्हणाली.

"बरं, खेळणं," असं म्हणून तो परत मोज्यांकडे वळला. लक्षात घ्या, पोरगी एक अक्षर खोटं बोलली नव्हती.

गाडी बॅटरीवरची, उघडी, बिनआवाजाची. आत हे चौघं, लांब नळीच्या कॅमेऱ्यांच्या दोन बाया आणि एक गृहस्थ, आणि पुढे एक म्हातारा वाटाड्या. बोलायला मनाई असल्यामुळे त्याच्याकडे पुठ्ठ्याच्या पाट्या होत्या. 'डावीकडे', 'उजवीकडे', 'झुकू नका', 'हरीण', 'कोल्हा', 'घार', अशा एकेचाळीस. जे दिसेल त्याची पाटी तो वर धरायचा. अकराव्या मिनिटाला 'हरीण' वर गेली. रस्त्याच्या कडेला खरोखरच एक हरीण उभं होतं. मास्तरांनी ते बारकाईनं पाहिलं आणि त्यांना ते काम फारसं पसंत पडलं नाही. रंग उडालेला, कान फाटका, पोटाला चिखल. आपल्या दालनात असं हरीण निघालं असतं तर मेमो आला असता.

धाकट्यानं विचारलं, "बाबा, ह्याचा नंबर कुठाय?"

आवाज ऐकून हरणानं कान फिरवला. धाकट्यानं जन्मात शेकडो कान पाहिले होते, फिरणारा एकही नाही. तो जो किंचाळला, हललं, हललं, ते रान संपेपर्यंत ऐकू गेलं असावं. ते हरीण गेलं, त्याच्यामागे न दिसलेली पंधरा-वीस गेली, आणि त्यांच्यामागे सगळं रान उठून गेलं. कॅमेऱ्यावाल्या गृहस्थांनी एका कागदावर लिहून तो मास्तरांच्या मांडीवर ठेवला. 'या फेरीसाठी मी सहा महिने थांबलो आहे.' मास्तरांनी त्याखाली 'क्षमस्व' लिहून परत दिला. गृहस्थांनी ते वाचलं, शब्दाखाली रेघ ओढली आणि कागद खिशात ठेवला, पुरावा म्हणून.

त्यानंतर दीड तास काही दिसलं नाही. ओली झाडं, ओली वाट, झाडांवरून गळणारं धुकं. बायकोनं धाकट्याचं तोंड आपल्या पदराआड दाबून धरलं होतं, आणि तो आतल्या आत हुंदके देत होता की प्राणी बिघडलेत, बाबांनी नीट करावेत. वाटाड्याच्या पाट्या मांडीवर पडून होत्या. मास्तरांच्या मनात आलं, हा जिवंत निसर्ग. तो आपल्याला बघून पळतो. आणि ज्यांनी बावीस वर्षं आपल्याकडे बघत जागा सोडली नाही, ते परवा भट्टीत.

तळ्यापाशी गाडी थांबली. सिमेंटच्या ओट्यावर दहा मिनिटं उतरायला परवानगी होती. धाकट्याला नेमकी तेव्हाच घाई लागली, आणि त्याला पत्र्याच्या खोलीपर्यंत नेण्यात मास्तरांची दहाही मिनिटं गेली. बायको आपल्या बुटांतला चिखल काढत बसली. थोरली कुठे होती हे कुणी पाहिलं नाही. गाडी सुटायच्या वेळी ती आपल्या जागी बसलेली होती, स्वेटर अंगात घातलेला, पिशवी रिकामी.

गाडी पन्नास पावलं गेली असेल, तोच मागच्या कॅमेऱ्यावाल्या बाईनं वाटाड्याचा खांदा असा धरला की तो कळवळला. धुक्याला एक फट पडली होती. ओट्याच्या पलीकडे, काठावरच्या लव्हाळ्यात, उजवा पाय उचलून एक पाणमांजर पाण्याकडे बघत होतं.

वाटाड्या पाट्या चाळायला लागला. एकेचाळीस पाट्या तीनदा चाळल्या. पाणमांजराची पाटीच नव्हती. शेवटी त्यानं 'झुकू नका' उलटी केली आणि पेन्सिलीनं लिहायला घेतलं. घाईत अक्षरं पुठ्ठ्याबाहेर जात होती. सव्वीस वर्षांत या पार्कात पाणमांजर दिसलेलं नव्हतं.

तिथून पुढे चाळीस मिनिटं गाडी हलली नाही. वायरलेसवर टकटक झाली, आणखी तीन गाड्या येऊन उभ्या राहिल्या. सव्वीस माणसं श्वास रोखून, डोळा न हलवता बसली. जिवंत माणसं इतकी निश्चल मास्तरांनी कधी पाहिली नव्हती. इकडे ही सव्वीस, तिकडे ते एक. पेंढा कुणात भरलाय, हे परक्याला पटकन सांगता आलं नसतं.

मास्तरांना मात्र आलं असतं. कुणीतरी दुर्बीण हातात दिली, आणि त्यांना उचललेल्या पायाखाली काळ्या दोऱ्याची शिवण दिसली. तीन वर्षांपूर्वी तपकिरी दोरा संपला होता, म्हणून काळा वापरलेला. डावा डोळा त्यांच्याच जुन्या कोटाचं बटण होता. उद्या दहा वाजता गणती. एकशे सतरा रानात. त्यांनी मान वळवून थोरलीकडे पाहिलं. थोरली समोर बघत होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं. फेरी निःशब्द होती, बापाला नियम मोडता येत नव्हता.

फाटकाशेजारच्या कचेरीत तोपर्यंत धांदल उडाली होती. वनाधिकारी टोपी सावरत आले. फोटो पाहिले गेले, वर्तमानपत्राला पाठवले गेले. नोंदवही निघाली. पण नोंद पक्की व्हायला एका तज्ज्ञाची सही लागते, आणि रविवारी तज्ज्ञ आणायचा कुठून? खिडकीतल्या बाईनं छापून ठेवलेले फॉर्म चाळले आणि एक वर काढला. सस्तन प्राणी विभाग, संग्रहालय.

मास्तरांना गादीची खुर्ची मिळाली. चहा आला, तोही बशीसकट. 'आपण' असं संबोधन आलं. बावीस वर्षांत त्यांना कुणी तज्ज्ञ म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते असं, की चहा बशीतच राहिला. ते सही करायच्या आधी जरा पाय मोकळे करतो म्हणाले आणि बाहेर आले.

भिंतीला टेकून वाटाड्या उभा होता. मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि एका दमात सांगून टाकलं. "काका, ते आमचं आहे. दालनातलं. माझ्या मुलीनं ठेवलं."

"माहीत आहे," म्हातारा म्हणाला. "वारा आला तेव्हा लव्हाळं हललं. मिशा हलल्या नाहीत."

म्हातारा आपणच पुढे बोलत राहिला. दर वर्षी गणतीत तो पाणमांजरापुढे शून्य लिहायचा. सव्वीस शून्यं झाली. त्यावरून वरच्यांनी ठरवलं, तळ्यात काही नाही. पुढच्या महिन्यात काठाला पाहुण्यांसाठी खोल्या, पाण्यात होड्या. तो म्हणाला, "मी सव्वीस वर्षं खरं लिहिलं. त्याचं हे झालं."

मास्तरांनी विचारलं, मला ते परत मिळेल का, उद्या गणती आहे माझी. म्हाताऱ्यानं मान हलवली. आत्ता जाऊन आणता येईल. पण पार्कातून पिसाचा तुकडासुद्धा बाहेर नेता येत नाही. आणि मेलेलं जनावर पार्कात सापडलं, तर साहेबांसमोर पंचनामा करून इथेच जाळायचं, असा नियम आहे.

"ते मेलेलं तीस वर्षांपूर्वीच आहे," मास्तर म्हणाले.

"नियमात कधी मेलं ते विचारत नाहीत."

म्हणजे तिथे भट्टी, इथे चिता. मास्तरांच्या बोटाला काहीतरी लागलं. थोरली येऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती रडत नव्हती, आणि तेच वाईट होतं.

"बाबा, तुम्ही रागावला तरी चालेल," ती म्हणाली. "पण ते इथं ओलं होईल ना? ओल शत्रू असते."

मास्तरांनी तिच्या स्वेटरला चिकटलेले दोन केस काढले. मग म्हणाले, "ह्याला चालते ओल. हे पाण्यातलंच आहे."

आत जाऊन त्यांनी नोंदवही पुढे ओढली. त्यांनी आयुष्यात खोटी नोंद केली नव्हती, आणि आत्ताही केली नाही. प्राणी, पाणमांजर. संख्या, एक. लिंग, मादी. वय, लहानपण संपलेले नाही. प्रकृती, स्थिर. निरीक्षकाचा प्राण्याशी पूर्वपरिचय, दीर्घ. वनाधिकाऱ्यांनी वाचून मान डोलावली. अनुभवी माणसाची भाषाच वेगळी, ते म्हणाले. म्हाताऱ्यानं आपल्या वहीत शून्याच्या खाली एक काढला, आणि तो इतका जोरात काढला की पेन्सिलीचं टोक तुटलं.

घरी जाताना बायकोनं एकदाही ब्रेक दाबला नाही. तिला सगळं कळलं होतं. ती एवढंच म्हणाली, की उद्या इस्त्रीचा शर्ट घाला, निदान शर्टावरून तरी काही म्हणायला नकोत.

सोमवारी सकाळी दहा वाजता संचालक मॅडम वर्तमानपत्र फडकवतच दालनात आल्या. पहिल्या पानावर मोठा फोटो. 'सव्वीस वर्षांनी पाणमांजर परतले.' मॅडमनी तो गणतीच्या कारकुनाला दाखवला, मास्तरांना दाखवला, अस्वलालाही दाखवला असता. "हे बघा. लोकांना हे हवंय. काय जिवंतपणा आहे. डोळ्यात बघा नुसतं." त्यांनी नेमकं बटणावर बोट ठेवलं. "नाहीतर तुमची ही भुश्शाची पोती."

बावीस वर्षांत मास्तरांच्या कामाची झालेली ही पहिली स्तुती. तीही भुश्शाच्या पोत्यांच्या जोडीनं आली.

गणती सुरू झाली. एक, वाघ, हजर. चव्वेचाळीस, गवा, हजर. कारकून एकशे सोळापर्यंत आला, पुढे सरकला, आणि थांबला. पाट होता, पट्टी होती, दोन स्क्रू एकाशेजारी एक नीट ठेवलेले होते. वर काही नव्हतं.

"एकशे सतरा कुठे आहे?"

मास्तरांनी मॅडमच्या हातातल्या वर्तमानपत्राकडे बोट केलं. "हे तेच."

दालनात इतकी शांतता झाली, की निःशब्द फेरीच चालू आहे असं वाटावं. मग मॅडमचा आवाज आला, अगदी हळू. त्या म्हणाल्या, नोकरी जायची वेळ आली तरी तुमची थट्टा जात नाही. मास्तर म्हणाले, मी कधी थट्टा केलेली नाही, तुम्ही कुणालाही विचारा. विचारायला तिथे एकशे एक्केचाळीस जण होते, पण त्यांच्यातल्या कुणी साक्ष दिली नाही.

खुलासा मागवला गेला. मास्तरांनी तो चार पानी दिला, अक्षरन् अक्षर खरा, लाल मोज्यांच्या पावतीसकट. वाचणाऱ्यांनी त्यावर 'उद्धट व अविश्वसनीय' असा शेरा मारला. आता शोभेसाठी ठेवलेल्या सरकारी वस्तूंचा एक नियम असा आहे, की गणती जुळल्याखेरीज निर्लेखन होत नाही. एक नग कमी तर बाकीच्यांना हात लावायचा नाही, चौकशी पूर्ण होईपर्यंत. मंगळवारी भट्टीची गाडी आली, दारात अर्धा तास उभी राहिली आणि रिकामी गेली. दालनाला कुलूप लागलं, कुलपावर लाख, लाखेवर शिक्का. मास्तरांना प्राण्यांजवळ जायला मनाई झाली. दुसरं काम त्यांना येत नव्हतं, म्हणून त्याच दाराबाहेर शिक्क्याची राखण करायला एक लाकडी स्टूल दिलं. बढती गेली. लोक मास्तर म्हणायचे, तेही बंद झालं. आता शिपाई त्यांना नुसतं 'ओ' म्हणतो.

मुलं शाळेतून अजून येतात. आत जाता येत नाही, म्हणून जिन्याच्या पायरीवर बसतात. धाकटा मोठ्यानं नंबर म्हणतो, आतल्यांना ऐकू जावेत म्हणून. परवा थोरलीनं पाढा अर्ध्यावर ठेवून विचारलं, "बाबा, चौकशी किती दिवस चालते?"

मास्तरांनी जरा विचार केला. वरच्या मजल्यावर एका हरवलेल्या हातोड्याची चौकशी होती. ती चालवणारे तीन साहेब रिटायर झाले होते, चौथे आजारी होते. "आपल्याकडे?" ते म्हणाले. "तू आजी होशील तोवर."

थोरलीचा चेहरा महिन्याभरात पहिल्यांदा सैल झाला. "मग चालेल," ती म्हणाली, आणि पाढा पुढे म्हणू लागली.

मास्तरांनी दाराला कान लावला. आत अंधारात, ब्रश आणि पावडर न लागलेल्या केसांत, कसर लागल्याचा बारीक आवाज येत होता, कोरडी पानं कुणी खूप हळू चुरडावीत तसा. सगळे खाऊन संपायला दोन वर्षं, फार तर तीन. त्यांनी कान काढला, स्टूल दाराला अगदी चिकटवलं, म्हणजे मुलीला ऐकू जाणार नाही, आणि तिचा सतराचा पाढा चुकतोय का ते ऐकत बसले.